आधी सांगणारा साप

उन्हाळा लागला की भारतातून येणाऱ्या फोनवरचे प्रश्न ठरलेले असतात. किती तापतंय? नळाला पाणी येतं का? वाळवंटात भाजी कुठून आणता? आम्ही राहतो ॲरिझोनात, टुसॉन शहराच्या अगदी कडेला. मागच्या कुंपणापलीकडे सोनोरन वाळवंट सुरू होतं. वाळवंट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जैसलमेरच्या टेकड्या येतात, पण इथे तसं नाही. इथे झाडं आहेत, झुडपं आहेत, दुमजली घराहून उंच वाढणारे सग्वारो निवडुंग आहेत आणि जुलै-ऑगस्टमध्ये चक्क मान्सून येतो. इथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात! पहिल्या पावसाला वाससुद्धा सुटतो, फक्त तो मातीपेक्षा क्रिओसोट नावाच्या झुडपाचा जास्त असतो.

एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. साप असतात का हो तिकडे?

असतात. भरपूर असतात. आणि त्यातल्या एकाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तो म्हणजे रॅटलस्नेक. शेपटीला खुळखुळा असलेला साप.

हा साप जगात फक्त अमेरिका खंडांमध्ये सापडतो, कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट अर्जेंटिनापर्यंत. त्याच्या तीसहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या १३ एकट्या ॲरिझोनात. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतक्या जाती नाहीत. आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसतो तो वेस्टर्न डायमंडबॅक. तीन-चार फूट लांब, जाडजूड, अंगावर शंकरपाळ्यांची नक्षी आणि शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. आपल्या घोणशीच्याच कुळातला, पण त्या कुळाच्या दुसऱ्या शाखेतला. ही शाखा भारतातही आहे बरं का. आंबोलीच्या पावसात फांदीवर वेटोळं करून बसलेला चापडा पाहिला असेल तुम्ही, तो याचा लांबचा भाऊ. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एकेक बारीक खळगा असतो. त्या खळग्यात कागदाहून पातळ पडदा ताणलेला असतो आणि तो उष्णता ओळखतो. मिट्ट काळोखातही उंदराच्या अंगाची ऊब सापाला "दिसते". ही ऊब टिपणारा रेणू कोणता, हे २०१० साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढलं. (हेच ज्युलियस पुढे २०२१ च्या नोबेलचे मानकरी झाले, पण ते मिरचीची जळजळ आपल्याला कशी कळते या संशोधनासाठी. मिरची हा आपला प्रांत असल्यामुळे तेही सांगून टाकलं!)

या खळग्यावर इथल्या खारींनी काढलेला तोडगा तर मला फार आवडतो. कॅलिफोर्नियातल्या जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारी रॅटलस्नेक समोर आला की शेपटी फुगवून जोरजोरात हलवतात, आणि त्या वेळी शेपटीतलं रक्त वाढवून ती गरमही करतात. म्हणजे सापाला दिसेल अशा भाषेत दटावतात. समोर खळगे नसलेला बिनविषारी साप असला तर शेपटी हलवतात, पण गरम करत नाहीत! २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. समोरच्याला समजेल अशाच भाषेत बोलावं, हे खारीलाही कळतं.

आणि तेच या सापालाही कळतं. आता खुळखुळ्याकडे येते.

खुळखुळा बनतो आपल्या नखांच्याच द्रव्यापासून, केराटिनपासून. पोकळ कड्या एकमेकींत सैलसर अडकलेल्या असतात. साप कात टाकतो तेव्हा शेपटीच्या टोकाशी एक नवी कडी राहते. पिल्लू जन्मतं तेव्हा एकच बोंड असतं, त्यामुळे ते शेपटी कितीही हलवो, आवाज येत नाही. दुसरी कडी आली की दोघी एकमेकींवर आपटायला लागतात. कड्या मोजून वय सांगता येतं असं इथेही पुष्कळ लोक मानतात, पण ते खरं नाही. वर्षातून दोन-तीनदाही कात टाकली जाते आणि जुन्या कड्या तुटून पडतात. या कड्या हलवणारे शेपटीचे स्नायू प्राणिसृष्टीतल्या सगळ्यात चपळ स्नायूंपैकी आहेत. सेकंदाला पन्नास-साठ, कधी नव्वद वेळा हलतात आणि तरी लवकर दमत नाहीत.

गंमत म्हणजे हा आवाज इतक्या वरच्या पट्टीतला असतो की खुद्द सापाला तो नीट ऐकूच येत नाही. सापांना ऐकू येतं ते जमिनीतली कंपनं आणि खालच्या पट्टीतले आवाज. म्हणजे हा खुळखुळा दुसऱ्या सापाला बोलावण्यासाठी नाही, जोडीदारासाठी नाही. तो पूर्णपणे परक्यांसाठी आहे. अंगावर पाय देऊ शकेल अशा जनावरासाठी, बैलाएवढ्या बायसनसाठी, आपल्यासाठी.

२०२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपण जवळ जाऊ लागलो की साप आधी हळूहळू वेग वाढवत जातो, सेकंदाला साधारण चाळीसपर्यंत. मग एकदम साठ ते शंभरच्या घरात उडी मारतो. माणसांना आभासी गवताळ माळावर फिरवून हा आवाज ऐकवला, तेव्हा चार मीटरवरचा साप त्यांना एक मीटरवर आल्यासारखा वाटला. म्हणजे साप चक्क थाप मारतो, पण आपल्याच भल्याची. आहे त्यापेक्षा जवळ असल्याचं भासवतो, म्हणजे आपण वेळेत थांबतो.

त्याला आपल्याला चावण्यात काडीचाही रस नसतो. आपण त्याच्या तोंडात मावत नाही. विष तयार करायला त्याला श्रम पडतात आणि ते उंदरांसाठी राखून ठेवलेलं असतं. वर्षातून मोजकी जेवणं मिळणारा प्राणी तो. वाया घालवायला त्याच्याकडे काही नाही.

हे सगळं मी वाचत होते खरी, पण वाचनाचा कस लागला २०२३ च्या ऑगस्टमध्ये.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. संध्याकाळी उन्हं उतरली की मागच्या अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. त्या दिवशी तांब्या हातात घेऊन ती बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, नळ फुटलाय बघ कुठेतरी!" मी दारात आले. तो आवाज नळाचा नव्हता. फोडणीत पाणी पडल्यावर होतो तसा, पण न थांबणारा. तुळशीच्या कुंडीमागे, भिंतीच्या सावलीत डायमंडबॅक वेटोळं घालून बसला होता. आई त्याच्यापासून सात-आठ फुटांवर उभी. मी म्हटलं, आई, आहेस तशी मागे ये, सावकाश. ती आली. ती चार पावलं मागे सरकल्यावर आवाज मंदावला आणि मग थांबला. साप जागचा हलला नाही.

माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. तिला खिडकीतून साप दाखवला. ती म्हणाली, तो घाबरलाय. मी म्हटलं, आपण पण.

आमच्याकडे साप पकडून नेणारे लोक असतात. फोन केल्यावर तासाभरात एकजण आला. लांब चिमट्याने उचलून, झाकणाच्या बादलीत घालून झालं दोन मिनिटांत. मग त्याने विचारलं, "कुठे सोडू?" तोपर्यंत शेजारीही जमले होते. आमच्या उजवीकडच्या घरातल्या आजोबांचं म्हणणं, लांब न्या, डोंगरापलीकडे, पुन्हा दिसता कामा नये. मलाही मनातून तेच हवं होतं. घरात लहान मूल, म्हातारी आई. पण तो माणूस म्हणाला, "लांब नेला तर जगेल याची खात्री नाही."

हे त्याच्या मनचं नव्हतं. पेनसिल्व्हेनियात टिंबर रॅटलस्नेकवर झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला होता. सापांच्या शरीरात छोटे रेडिओ बसवून त्यांना दूर सोडलं आणि माग काढला. जागच्या सापांपैकी नऊतला एक मेला. हलवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मेले. कारण हा साप भटक्या नाही. त्याला आपला इलाखा पाठ असतो. थंडीत कुठल्या कपारीत शिरायचं, उंदराची वाट कुठली, दुपारची सावली कुठे, हे सगळं. काही जाती तर पिढ्यान् पिढ्या एकाच कपारीत हिवाळा काढतात. अनोळखी जागी सोडलेला साप ओळखीचं काहीतरी शोधत वेड्यासारखा फिरत राहतो आणि मग रस्त्यावर येतो, ससाण्याला दिसतो, थंडीत सापडतो.

(अमेरिकेत आल्यावरचं माझं पहिलं वर्ष आठवलं. असो.)

तर प्रश्न असा होता. लांब पाठवायचं म्हणजे आपल्या हाताने मारायचं नाही इतकंच. जवळ सोडायचं म्हणजे तो परत येऊ शकतो हे मान्य करायचं. नवरा माझ्याकडे बघत होता, मी आईकडे.

इथे थोडं मागे जावं लागेल. आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, एकोणिसाव्या वर्षी साप चावून गेला. माझ्या जन्माआधीची गोष्ट. सुगीचे दिवस होते, राखणीला खळ्यावर घोंगडी टाकून झोपला होता. रात्री मण्यार चावली. मण्यार चावलेली कित्येकदा कळतही नाही. सूज नाही, फारसं दुखत नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. पहाटे तो पोट दुखतंय म्हणत घरी आला. आजीने ओवा दिला. मग पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. बैलगाडीतून तालुक्याच्या गावी नेईपर्यंत श्वास थांबला होता. आमच्या घरात नागपंचमीला चिरत नाहीत, तळत नाहीत, जमीन खणत नाहीत, ते सगळं आई आजही पाळते. पण सापाचं नाव काढलेलं तिला चालत नाही. "लांबडं" म्हणते.

त्यामुळे ती काय म्हणेल याचा मला अंदाज होता. पण ती बादलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यानं सांगितलं तरी. मुकं जनावर, पण केवढ्यानं ओरडून सांगत होतं. तिनं कुठं सांगितलं होतं?"

मग म्हणाली, "सोडा इथंच कुठंतरी जवळ. पण तुळस आता पुढच्या दाराशी ठेव."

आमच्या मागे दोनशे-अडीचशे पावलांवर एक कोरडा ओढा आहे. तिथे दगडांच्या कपारीपाशी त्याने बादली आडवी केली. साप क्षणभर थांबला आणि मग घाई न करता आत गेला. शेजारचे आजोबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. भीती त्यांचीही खरी आहे आणि त्यांचा कुत्रा तर आमच्या लेकीहून जास्त बाहेर असतो.

या सापाशी अमेरिकेचं नातं मोठं विचित्र आहे. १७५१ साली बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या वर्तमानपत्रात उपहासाने सुचवलं होतं, की इंग्लंड आपले कैदी इकडे पाठवतं तर आपण त्या बदल्यात तिकडे रॅटलस्नेक पाठवू. १७७५ साली, स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर, टोपणनावाने छापून आलेल्या एका लेखात हाच साप देशाचं प्रतीक म्हणून शोभतो असं म्हटलं होतं. तो लेखही फ्रँकलिनचाच मानला जातो. कारण काय, तर तो आपणहून कधी हल्ला करत नाही आणि आधी इशारा दिल्याशिवाय वार करत नाही. त्याच काळात पिवळ्या झेंड्यावर तो झळकला.

आणि ज्याला झेंड्यावर चढवलं त्यालाच पुढे डोक्यामागे इनाम लावून मारलं. न्यूयॉर्क राज्याच्या काही भागांत हे इनाम १९७१ पर्यंत चालू होतं. टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावी १९५८ पासून दर मार्चमध्ये रॅटलस्नेक पकडण्याची मोठी जत्रा भरते. बिळांत पेट्रोलची वाफ सोडून साप बाहेर काढतात, जत्रेत त्यांची मुंडकी उडवतात, मांस तळून विकतात. पण बदलही होतोय. जॉर्जिया राज्यातल्या क्लॅक्स्टन गावाने २०१२ मध्ये आणि व्हिगम गावाने २०२२ मध्ये अशीच जत्रा बंद करून वन्यजीवांचा उत्सव सुरू केला. साप बघायचे, मारायचे नाहीत.

मारण्याने होतं काय, तर हा साप उंदरांसारखा भराभर वाढत नाही. उत्तरेकडच्या थंड भागात टिंबर रॅटलस्नेकच्या मादीला पहिली वीण व्हायला आठ-नऊ वर्षं लागतात आणि त्यानंतरही तीन-चार वर्षांतून एकदाच पिल्लं. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते आणि त्यांची पहिली कात पडेपर्यंत आठ-दहा दिवस त्यांच्याजवळ राहते. साप म्हणजे निर्दयी, पोटच्या पोरांना विचारत नाही, असंच आपण ऐकत आलो ना? इथल्याच चिरिकाहुआ डोंगरात हॅरी ग्रीन आणि डेव्हिड हार्डी या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं रेडिओ लावून काळ्या शेपटीच्या रॅटलस्नेकांचा माग ठेवला, तेव्हा माद्या पिल्लांपाशी थांबलेल्या त्यांना पुन्हा पुन्हा दिसल्या.

आता घाबरायचं किती, याचाही हिशोब मांडते. अमेरिकेत दरवर्षी सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतो आणि सुमारे पाच माणसं दगावतात. पाच! त्यातही बरेच दंश सापाला मुद्दाम डिवचल्यामुळे किंवा उचलायला गेल्यामुळे होतात. भारतात? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख. वर्षाला सरासरी ५८ हजार. हा फरक सापांच्या विषातला नाही. रॅटलस्नेकचं विषही काही सौम्य नसतं. फरक आहे तो अंधारात अनवाणी चालण्याचा, जमिनीवर झोपण्याचा, दवाखाना किती दूर आहे याचा आणि तिथे औषध आहे का याचा.

म्हणून आता आमच्या घरचे नियम आहेत. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय अंगणात जायचं नाही. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. कुंपणाला खालून बारीक जाळी लावली आहे, कुंड्यांमागची अडगळ काढली आहे. लेकीला एकच गोष्ट पाठ आहे. आवाज आला की थांब, कुठून येतोय ते बघ, मग मागे हो. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडून जाळीवाल्याचा नंबर घेतला. तो साप (किंवा त्याच्यासारखाच कुणी) त्या ऑक्टोबरात ओढ्याकाठी एकदा ऊन खाताना दिसला. आम्ही वाट बदलली.

आई नोव्हेंबरात परत गेली तेव्हा साताऱ्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता. आमच्या शेताच्या बांधाशी दरवर्षी मजुरांच्या कोप्या पडतात आणि मुलंबाळं घेऊन ती माणसं जमिनीवर झोपतात. फोनवर ती म्हणाली, "मच्छरदाण्या आणल्यात सतरा. कडा अंथरुणाखाली नीट खोचायच्या, म्हणजे लांबडं आत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले." मी विचारलं, लोक वापरतात का गं? "एक-दोघं हसली आधी," ती म्हणाली, "मग मी त्यांना तुझ्या मामाचं सांगितलं."

मामाची गोष्ट तिने बाहेरच्या कुणाला सांगितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. तेव्हापासून दर हंगामाआधी ती मच्छरदाण्या बाहेर काढते, धुते, भोकं शिवते आणि किती लागतील ते मुकादमाला विचारून घेते.